भरतीची वेळ

जुना बुधवार, कोल्हापूर
कोजागरीचा दुसरा दिवस, सन १९५५

चि. नंदिनी हिच्या डोक्यावर आक्काचा हात.

तुझं पत्र पोचलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, जोडाक्षर आलं की थांबते, म्हणून तीन दिवस पुरलं. पहिल्या दिवशी 'समुद्र' ह्या शब्दापर्यंत पोचले आणि तशीच उठून बायडाबाईला सांगून आले, आमची नंदी मालवणात समुद्रात पवती म्हणून. ती म्हणाली, बाई माणूस, त्यात मास्तरीण, लाज न्हाय वाटत? मी म्हणलं, लाज घेऊन पाण्यात उतरलं की माणूस बुडतं, ती काठावर कोरड्या लुगड्याबरोबर ठेवायची असती. तिला कळलं न्हाय. मलाबी नीट कळलं न्हाय, पण तोंड बंद झालं तिचं.

मला किती आनंद झाला सांगू. नातीला पवायला मी शिकवलं आणि ती आता एवढ्या मोठ्या पाण्यात. तुला आठवतं का, मळ्यातल्या विहिरीत तुझ्या पाठीला सुका भोपळा बांधलेला आणि कंबरेचा दोर माझ्या हातात. सात वर्षांची होतीस. भोपळा कवाच सुटून तिकडच्या कोपऱ्यात गेलता आणि तू हिकडं हात मारत होतीस, आणि मला ओरडून सांगत होतीस की आक्का भोपळा घट्ट हाय. मी हसून हसून दोर सोडून दिला.

पण मला एक सांग. वारा नसला तरी पाणी हलतं म्हणतेस, ते कसं? आमची पंचगंगा पुरात कितीबी माजली तरी एकाच अंगाला जाती, माणसाला कळतं. तुझा समुद्र एकदा आत ओढतो, एकदा बाहेर ढकलतो, त्याचं त्यालाच ठरत न्हाय असं दिसतंय. असल्याचा भरवसा धरू नको. काष्टा घट्ट मारत जा. डोळ्यांत मीठ गेलं तर चोळू नको.

आता तुला आवडणार न्हाय ते लिहिते. पोस्टमन गुंडू गल्लीत शिरला की तुझा चुलता, हंबीर आबा, उगीच म्हशीच्या पाठीवर हात फिरवत दारात उभा राहतो. तुझी चार पानं त्यानंबी वाचली. त्यात त्याचं नाव कुठं न्हाय, शेवटी 'घरी सर्वांना नमस्कार' एवढं. त्यानं घडी घालून कागद माझ्याकडं दिला आणि म्हणाला, बरी हाय न्हवं, झालं. आणि वैरण काढायला गेला.

इचलकरंजीचं स्थळ तुला नको होतं, तर नको. नोकरी करायची होती, तर कर. पण जाताना उंबऱ्यात उभी राहून चुलत्याला बोललीस, "माझ्या बाला लढाईवर घालवलंत त्याच्या वाटणीचं रान मिळावं म्हणून, आता मलाबी घालवताय." तवापासनं हंबीर जेवताना मान वर करत न्हाय. नंदे, त्याला दोन ओळी लिही. माझ्या पत्रात न्हाय, वेगळ्या कागदावर, त्याच्या नावानं. एवढंच माझं मागणं हाय. बाकी तू पव, हुंदड, माझी काय आडकाठी न्हाय.

आक्का

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. नंदीस,

हिकडं थंडीनं म्हशी आखडल्या, दूध कमी झालं. तू लिहितेस की पहाटे जमिनीकडनं समुद्राकडं वारा सुटतो आणि पाण्यात पाय घातला की दात वाजतात, पण आत गेल्यावर वाटतं की आता बाहेर येऊच नये. मला ठाऊक हाय ते. फक्त आमच्या विहिरीचं पाणी थंडीत ऊन लागतं, वर येताना हुडहुडी भरती. तुझं उलटं दिसतंय. बाहेर आल्याबरोबर डोकं पूस, मग अंग. तुझी ती शेजारीण बाळाबाई, होडीवाल्याची बायको, काठावर शेगडी घेऊन बसती म्हणालीस, तिला माझा नमस्कार सांग. चांगली बाई दिसती.

तू म्हणतेस पाण्यात असताना डोक्यात काय येत न्हाय, म्हणून जाते. बाहेर आलं की पुन्हा सगळं येतं. पोरी, एवढं काय येतं तुझ्या डोक्यात? मी पत्र वाचल्यापासनं घरातल्या घरात फिरतेय. तांदूळ निवडायला बसते आणि उठते. परवा चुलीवर दूध ठेवून गच्चीवर गेले, कशाला गेले ते आठवंना, तवर दूध उतू गेलं. तुझी चुलती म्हणाली, आत्याबाई, तुमचं ध्यान मालवणात.

एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ डिंकाचे लाडू आणि घोंगडी दिलीय. घोंगडी मीच घेतली. काळी हाय, मऊ हाय. पाण्यातनं आलीस की पांघर.

आबाला अजून लिहिलं न्हाईस.

आक्का

पौष, तुझं पत्र आलं त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत

नंदे,

हे पत्र मी उभ्या उभ्या लिहितेय असं समज. अक्षर लागलं न्हाय तर कुणालातरी दाखव. न्हाय, कुणाला दाखवू नको, तूच वाच.

तू लिहिलंस, "आता भरतीची वेळ बघूनच जाते. इथे दिवसातून दोनदा भरती असते. अमावास्येला मोठी भरती आहे. इथली माणसं नको म्हणतात, पण मी जाणार. आक्का, तू काळजी करू नकोस."

काळजी करू नको म्हणतेस. दिवसातनं दोनदा भरती म्हंजे गावात पुरुष माणूस शिल्लक तरी हाय का? गोव्याच्या हद्दीवर गोळ्या झाडल्या ते हिकडंबी कळलंय. तवापासनं मला वाटतच होतं की लढाई लागणार. पण आता बायकांचीबी भरती? मलमपट्टीला नेतात म्हणे, तसंच असंल. आणि अमावास्येला. सरकारला दिवस-वार काय न्हाय. नंदे, जाऊ नको. बाच्या मागनं जातेस असं तुला वाटत असंल, तर आधी हे वाच.

तुझ्या बाला हंबीरनं न्हाय घालवलं. मी घालवलं.

सन बेचाळीसचा उन्हाळा. मैदानावर भरतीवाले आलते, बँड वाजत होता. तुझा बा सयाजी जाणार न्हवता. मीच म्हणलं, चल, बघून तरी येऊ. छाती मोजली तर बोटभर कमी भरली. हवालदारानं त्याला बाजूला काढलं. तो हसत हसत माझ्याकडं परत येत होता गं. त्याला काय वाटलं न्हवतं. मला वाटलं. एवढ्या लोकांत माझं पोर बाजूला काढलं. मी पदर खोचून पुढं गेले आणि सायबाला मोठ्यानं सांगितलं, "छाती काय मोजता? पंचगंगेला पूर असताना ह्या काठावरनं त्या काठाला जातो ह्यो. मी शिकवलंय." हवालदारानं ते सायबाला त्याच्या भाषेत सांगितलं. सायेब हसला. पुन्हा फीत लावली. ह्या खेपेला भरली.

मला आनंद झाला, नंदे. खोटं कशाला लिहू. वाटेत पेढे घेतले आणि गल्लीत वाटत आले. हंबीर मळ्यात होता. तो आल्यावर त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं खाल्ला न्हाय. एवढंच म्हणाला, आई, काय केलंस हे.

इटली म्हणून मुलूख हाय, तिथल्या नदीत तुझा बा गेला. नदी ओलांडताना, असं सरकारच्या पत्रात होतं. पवणारी माणसं पुढं घातली असतील का, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारतेय. दुसऱ्या कुणाला विचारता येत न्हाय.

मैदानावर आपल्या गल्लीतलं कुणी न्हवतं. पुढं कुणीतरी उठवलं की थोरल्यानं रानासाठी धाकट्याला धाडलं. मी ऐकलं आणि गप्प बसले. ते तुझ्या कानावर आलं, तवाबी गप्प बसले. तू उंबऱ्यात बोललीस तवा मी आत तांदूळ पाखडत होते, सूप हालतच राहिलं माझं. हंबीरबी गप्प बसला, पण त्याचं गप्प बसणं वेगळं आणि माझं वेगळं.

ह्या घरातनं भरतीला जाणारं एक माणूस पुरे झालं. नाव दिलं असशील तर मागं घे.

आक्का

चार दिवसांनी

नंदे,

शाळेतले त्र्यंबक मास्तर भेटले. त्यांना विचारलं, मालवणात बायकांची भरती चालू हाय का. ते म्हणाले, आक्का, समुद्राचं पाणी चढतं त्याला भरती म्हणतात आणि उतरतं त्याला ओहोटी. माणसाची न्हाय, पाण्याची भरती. आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला, हसू दिसू नये म्हणून.

मला काय ठाऊक. आमच्याकडं विहीर भरती, घागर भरती, नदीला पूर येतो. पण भरती म्हणलं की मैदान आणि बँड. ह्या गल्लीत कुणालाबी विचार.

तशीच पोस्टात गेले. म्हणलं माझं पत्र परत द्या, चुकून लिहिलंय. कारकून म्हणाला, पेटीत पडलं की ते आमचं न्हाय, तुमचंबी न्हाय, ज्याला लिहिलं त्याचं. आणि थैली तर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.

म्हंजे तू वाचलं असशील. हसली असशील आधी. मग पुढचं वाचलं असशील.

चुकून लिहिलं, पण लिहिलं ते खरं हाय. आता खऱ्याला सुरुवात केलीच हाय तर घोंगडीचंबी सांगते. ती मी घेतली न्हवती. हंबीर आठवड्याच्या बाजारात दोन फेऱ्या मारून निवडून घेऊन आला आणि म्हणाला, माझं नाव सांगू नको, ती घ्यायची न्हाय.

अमावास्येला गेलतीस का? पाणी किती चढलं? तेवढं कळव.

आक्का

शिमग्याची पोर्णिमा, १९५६

नंदे,

सहावा आठवडा. गुंडू आता आमच्या दारावरनं जाताना सायकल जोरात मारतो, मी विचारू नये म्हणून.

हंबीर विचारतो, पोरीचं पत्र का न्हाय. मी म्हणते, परीक्षा असतील. त्याला मी सांगितलेलं न्हाय मी तुला काय लिहिलं ते. तोंड उघडते आणि दुसरंच काहीतरी निघतं, वैरणीचं न्हायतर पाण्याचं.

मला एका जागी बसवत न्हाय. काल उठले आणि मळ्यात जाऊन विहिरीत उतरले. पाच वर्षं उतरले न्हवते. दोन फेऱ्या मारल्या आणि दम लागला. सगळं पाणी एका नजरेत दिसतं तिथं, चारी बाजूंनी दगड. मला पहिल्यांदा ती विहीर लहान वाटली.

राग धर. किती वर्षं धरायचा तेवढा धर. पण जिवंत हाईस एवढं कळव. लिहायचं नसलं तर लिहू नको, कोरं कार्ड धाड. पत्ता तुझ्या हातचा असला की मला पुरतं.

आक्का

चैत्र, पाडव्यानंतर आठवड्यानं

नंदे,

तुझं कोरं कार्ड पोचलं. दोन्ही बाजूंनी वाचलं. पत्त्यातला 'जुना' चा 'ज' तू अजून तसाच काढतेस, पोट सुटल्यासारखा. किती आनंद झाला लिहिता येत न्हाय. बायडाबाईला दाखवलं, ती म्हणाली ह्यात काहीच न्हाय. मी म्हणलं, तुला वाचता येत न्हाय.

तुझ्या शाळेला मे महिन्यात सुट्टी लागती. मी येतेय. नको म्हणायचं असलं तर तुला लिहावं लागंल, आणि तू तर लिहीत न्हाईस. तवा येतेच.

आक्का

मालवण, वैशाख वद्य पंचमी

चि. हंबीरराव यास आईचा आशीर्वाद.

बाळा, गगनबावड्याच्या घाटात मला दोनदा ओकारी झाली आणि शेजारच्या पावण्यांनी लिंबू दिलं. बाकी प्रवास बरा झाला. हे पत्र तुला हाय. आजवर तुला लिहायची पाळी आली न्हवती, तू कायम हाताशीच होतास.

आधी एक सांगते, मग पुढचं. सयाजीला भरतीत कुणी घातलं ते मी नंदीला पौषातच कळवलं. चुकून कळवलं, कसं ते आल्यावर सांगते, तू हसशील. तुला न सांगता इतके दिवस मी तुझ्या ताटात भाकरी वाढत होते. आता सांगितलं.

पोरगी रोडावलीय, काळी पडलीय. केसांना मिठाचा वास येतो. मला बघून दारातच उभी राहिली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. दोन दिवस जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, बोलली न्हाय. पिशवी मात्र माझी तिनं उचलली, एवढ्यावर मी दोन दिवस काढले.

समुद्र मी काठावरनं बघितला. हंबीर, ते पाणी न्हवं. एकसारखं काहीतरी चाललेलं असतं त्याचं. पाऊस जवळ आलाय म्हणून आता ते गढूळ झालंय, लाटा माणसाएवढ्या आणि फेस दारापर्यंत उडतो. होड्या वर ओढून घेतल्यात. बाळाबाई मला म्हणाली, तुमच्या नातीला सांगा, आता पाण्याचे दिवस संपले, आमचे पुरुषसुद्धा उतरत न्हाईत. मी म्हणलं, बाई, माझं ती ऐकणार न्हाय. ती म्हणाली, आमचंबी न्हाय ऐकत.

तिसऱ्या दिवशी उजाडायला ती निघाली. मी मागनं. तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, तू येऊ नको. दोन दिवसांतलं पहिलं बोलणं. म्हणून मी गेलेच.

ती लाटेखालनं सूर मारून आत गेली. वर डोकं दिसलं, मग न्हाय दिसलं, मग लांब दिसलं. विहिरीत मला कवा भ्या वाटलं न्हाय. हितं माझे पाय वाळूत ठरेनात, पाणी पायाखालची वाळूच काढून नेतं. मला कुणी ओढलं न्हाय, मीच पुढं गेले. कमरेएवढ्या पाण्यात असंन. मला वाटलं, हिनं वळून बघावं, माझीबी छाती किती भरती ती. तवा लाट आली आणि मला आडवं केलं. नाकातोंडात वाळू. वर कुठं आणि खाली कुठं ते कळंना. लुगडं पायाला गुंडाळलं. सयाजीलाबी असंच कळलं नसंल का, एवढंच डोक्यात आलं.

नंदीनं मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. दंडावर तिच्या बोटांचे वळ अजून हायत. वाळूत बसवलं आणि माझ्यावर ओरडली. असं ओरडली की बाळाबाई घरातनं पळत आली आणि आमच्याकडं बघून परत गेली.

"मरायचं होतं तर कोल्हापुरात मरायचं. हितं माझ्या डोळ्यांसमोर कशाला?"

मी म्हणलं, मरायला न्हाय आले, बोलायला आले.

"काय बोलायचंय? माझ्या बाला तू दिलंस, आणि अकरा वर्षं मी शिव्या आबांना दिल्या. त्यांच्या ताटात जेवून त्यांना दिल्या. आबांना ठाऊक होतं?"

मी म्हणलं, व्हय.

"मग बोलले का न्हाईत?"

हंबीर, मी तिला म्हणलं, ते त्यालाच विचार. मला वाटतं मला ठाऊक हाय, पण मी बोलले असते तर ते माझ्या सोयीचं झालं असतं.

मग ती माझ्या शेजारी वाळूत बसली. दोघींचे दात वाजत होते. वैशाख हाय, पण पहाटेचा वारा आणि ओलं अंग. मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, त्या दिवशी तो हसत होता असं लिहिलंस, ते खरं का? मी म्हणलं, खरं. छाती कमी भरली तवा हसत होता आणि भरली तवाबी हसत होता. त्याला दोन्ही सारखंच होतं. आनंद सगळा माझा होता. ती रडली. मी हात पुढं केला, तो तिनं घेतला न्हाय. बरोबर हाय तिचं.

उद्या सकाळच्या गाडीनं ती तुझ्याकडं येतेय. हे पत्र तिच्याच हातात देते, चिकटवत न्हाय, वाटेत वाचलं तर वाचू दे. कागदावर दोन ओळी लिही म्हणून मी कोजागरीपासनं मागं लागले, पण ती म्हणाली, जे उंबऱ्यात उभं राहून बोलले ते उंबऱ्यातच जाऊन परत घेणार. पाया पडू लागली तर मागं सरू नको, तुझी ती खोड हाय. पडू दे तिला. तू का बोलला न्हाईस ते विचारंल. मी तिथं नसंन, तवा खरं सांग. मला वाईट वाटंल म्हणून काय राखू नको.

मीबी येते म्हणलं होतं. न्हाय म्हणाली. म्हणाली, आम्हा दोघांत तू नको.

मी विचारलं, मग मी काय करू? परत जाऊ का कोल्हापूरला, तुझ्या मागच्या गाडीनं? ती पिशवीत लुगडं कोंबत होती. माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणाली, "मी येईपर्यंत पाण्यात एकटी जाऊ नको."

हंबीर, परत वाच. येईपर्यंत म्हणाली. एकटी म्हणाली.

तुझी आई